एक तास मिळवून

सतरावा होल संपला तेव्हा ऊना रेनीचे पंचाण्णव फटके झाले होते. अठरावा चारांत संपवला तर नव्याण्णव. शंभर झाले तर पुढच्या वर्षीपासून तिने एफीशेजारी गाडीत बसायचं, असं ठरलं होतं. विषय काढला इतरांनी. "अडुसष्ट वर्षांची झालीस, उगाच धापा टाकतेस," असं सेंगाने दोन दिवस ऐकवल्यावर ऊनाच म्हणाली होती, "शंभर झाले तर बसेन. आता गप्प बस."

स्कॉटलंडमधल्या डंडीच्या या चौघी मैत्रिणी दर जूनमध्ये समुद्रकाठी गोल्फ खेळायला येत. एफीच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती मात्र बॅटरीच्या छोट्या गाडीत गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसे आणि सगळ्यांना स्कोन, म्हणजे घरचे छोटे गोड पाव, वाटे. शेजारची रिकामी सीट ऊनाला दोन दिवस डोळ्यांत खुपत होती.

अठराव्याचा पहिलाच फटका वाऱ्याने उचलला आणि थेट खाली किनाऱ्यावरच्या वाळूत नेऊन टाकला.

"एक फटका दंड घे आणि वरून खेळ," सेंगा म्हणाली. गुणांचं कार्ड आणि नियमांचं पुस्तक तिच्याकडे असे.

"किनारा मैदानातच धरतात इथे. चेंडू आहे तिथून खेळणार."

"अगं, भरती चढतेय," चौथी, नेटा, म्हणाली.

ऊनाने पस्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं. क्लबच्या दारावरचा तक्ता तिने सकाळीच पाहून ठेवला होता. "तक्त्यात पूर्ण भरती पाच चाळीसला. तक्ते ग्रिनिचच्या वेळेचे असतात, उन्हाळ्यात आपली घड्याळं तासभर पुढे, म्हणून एक तास मिळवायचा. म्हणजे सहा चाळीस. आत्ता साडेतीन. इथवर पाणी यायला अजून तासभर आहे."

ऊनाच्या बेरजेवर बोलायची पद्धतच नव्हती.

ती उतरून गेली आणि खाली पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, वाळूतून मारायची जड स्टिक वरच राहिली.

"मी आणते," एफी म्हणाली आणि कोणी अडवायच्या आत गाडी मासेमारांच्या होड्यांच्या उतरणीवर घातली.

"गाडी किनाऱ्यावर न्यायची नाही, नियम आहे," सेंगा ओरडली.

"तुझे नियम चेंडूला सांग."

"येऊ दे तिला," ऊना खालून म्हणाली. "तास आहे अजून."

स्टिक मिळाली. तोवर एक लाट चेंडूपर्यंत येऊन गेली. ऊनाने घड्याळ पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं; चूक समुद्राचीच असणार अशा नजरेने. दुसरा फटका मारला तो निम्मा पाण्यावर बसला. चेंडू हातभर सरकला, ऊना मात्र डोक्यापासून भिजली.

"दोन," वरून सेंगा.

"मोजता येतं मला."

तिसऱ्या फटक्याला चेंडू वाळूसकट उठला, कड ओलांडून ग्रीनवर, खळग्याभोवतीच्या हिरवळीवर, जाऊन पडला. नेटाने टाळ्या वाजवल्या. पण इकडे गाडीची चाकं रुतली होती. एफीने दोनदा बटण दाबलं, घोंगडी घडी करून सीटवर ठेवली आणि खाली उतरली. पाणी गुडघ्यांना लागत होतं. ऊनाने हात पुढे केला.

"हात आवर. वर्षभर सगळे हातच देताहेत मला."

आणि ती कुणाच्या आधाराशिवाय, अख्खी उतरण चढून वर आली.

ऊनाचा चौथा फटका खळग्याच्या काठापर्यंत गेला आणि थांबला. पाचवा आत गेला.

"शंभर," सेंगा म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज जरा खाली आला होता.

"शंभर," ऊना म्हणाली. "पुढच्या वर्षी गाडीत बसेन. शब्द दिलाय."

एवढ्यात क्लबचे सेक्रेटरी धावत आले. "बाई, दारावरचा तक्ता वाचला नाहीत का? खाली लिहिलंय, एक तास आधीच मिळवलेला आहे."

प्रश्न शेवटपर्यंत न वाचणाऱ्या मुलांचे ऊनाने पस्तीस वर्षं न चुकता गुण कापले होते.

"चूक माझी," ती म्हणाली. "माझ्या नावावर लिहा."

"ते लिहीनच. पण क्लबकडे तेवढी एकच गाडी होती हो. आता दुसरी मिळेल असं धरून चालू नका."

चौघींनी वळून पाहिलं. लाटांनी गाडी खोल पाण्यात ओढून नेली होती; तिचं पांढरं छप्पर तेवढं दिसत होतं आणि त्यावर एक समुद्रपक्षी बसला होता.

"नियमाप्रमाणे," सेंगा पुस्तक मिटत म्हणाली, "गाडी नसेल तर बसता येत नाही."

एफीने बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. "म्हणजे मलाही चालावं लागणार," ती म्हणाली. "नेटा, माझ्या स्टिक अजून तुझ्या माळ्यावरच आहेत ना?"