मास्तरांचा डावा पाय

"मास्तरां…" एवढंच ऐकू आलं आणि ग्राइंडर सुरू झाला. तो थांबला तेव्हा वेल्डर फोनवर सांगत होता, "डावा पाय गेला हो, उतरताना. नाकही घासलंय. घरी सांगितलेलं नाही अजून." मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्यानं घाईघाईनं फोन खिशात घातला.

मी कपडे वाळत घालायचा स्टँड जोडून घ्यायला गेलो होतो. स्टँड तिथेच राहिला. (लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची मला सवय नाही. भानगडीच माझ्या नाकासमोर येतात, त्याला मी काय करणार?)

मास्तर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून इमारतीमागच्या शेडमध्ये विमान बांधतायत. खरंखुरं, एकामागे एक अशी दोन माणसं बसतील असं. ते बांधून कधीच झालंय, पण उडवायची वेळ आली की मास्तरांना एखादा नट सैल वाटतो. आता अखेर ते उडाले आणि उतरताना आपटले, हे ओळखायला माझ्यासारख्या चाणाक्ष माणसाला कितीसा वेळ लागणार?

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुम्ही यात पडू नका."

"मी कुठे पडतोय? पडले मास्तर."

आणि मी मास्तरांच्या लेकीला फोन लावला. "बाबांचा पाय मोडलाय, कळलं मला," म्हटलं. ती हसायला लागली. धक्का बसला की माणसं अशी हसतात, हे मी ऐकून होतो. ती पुढे काही बोलायच्या आत "धीर धर बाळ" म्हणून फोन ठेवला आणि वहिनींकडे, म्हणजे मास्तरांच्या बायकोकडे गेलो.

वहिनींनी दार अर्धंच उघडलं. त्यांच्या कोपराला चिकटपट्टी होती.

"मास्तर कुठायत?"

"लेकीकडे गेलेत. संध्याकाळी येतील."

बिचारीला काहीच माहीत नाही, मी मनात म्हटलं. "वहिनी, आधी बसून घ्या. डावा पाय मोडलाय. उतरताना."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मला आत ओढून त्यांनी दार लावलं. "कुणाकुणाला कळलंय, भाऊजी?"

"मी वेल्डरकडे ऐकलं."

"संध्याकाळच्या आत जोडून देतो म्हणाला ना?"

"वेल्डर जोडणार?"

"मग काय डॉक्टर जोडणार?"

मी स्वतःचं नाक चाचपलं. "आणि नाक?"

"ते किरकोळ हो. पुट्टी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, वरून रंग द्यायचा. ह्यांच्या लक्षातही येणार नाही."

"त्यांच्याच नाकाचं?"

"ह्यांच्या नाकाला काय झालं?"

मग सगळा उलगडा झाला. पाय विमानाचा. नाकही विमानाचंच. आणि उडवलं होतं वहिनींनी.

"पुढच्या महिन्यात मोडून भंगारात देतो म्हणाले," वहिनी सांगू लागल्या. "उडणार नाही ते, माझाच हिशोब चुकलाय, हेच घेऊन बसलेत. म्हटलं, आधी उडवून तर बघू. वेल्डरच्या टेम्पोतून मैदानावर नेलं. उडालं छान. उतरताना वाटलं जमीन आली, म्हणून नाक वर धरलं, तर जमीन अजून पुरुषभर खाली. दणकन बसलं, उसळलं आणि एकाच पायावर आलं. आता हा मोडका पाय दिसला की म्हणतील, सांगत नव्हतो? आणि खरंच मोडून टाकतील. ते यायच्या आत पाय बसला पाहिजे. तुम्ही कुणाला बोलला नाहीत ना?"

"छे. फक्त तुमच्या लेकीला. मास्तरांचा पाय मोडला म्हणून."

"अहो, ते तिच्यासमोर बसलेत."

"म्हणूनच ती हसली असावी," मी म्हणालो.

आम्ही दोघं शेडमध्ये धावलो. वेल्डरनं पाय जोडला होता, चाक बसवायचं राहिलं होतं. मी चाक धरून उभा होतो, तेवढ्यात दारातून आवाज आला, "माझा पाय मोडला म्हणे?"

मास्तर वाकले. जोड पाहिला, नाक पाहिलं. माझ्याकडे पाहिलंच नाही.

"मोडायचं तर मोडा," वहिनी म्हणाल्या. "मला बघायचं होतं ते मी बघितलं."

"म्हणजे उडालं?"

"उडालं."

"नीट?"

"टेकडीला वळसा घालून आणलं. तुमच्यापेक्षा जास्त ऐकतं माझं."

मास्तर हत्यारांच्या पेटीवर बसले. पंखाचा एक नट बोटानं फिरवून पाहिला. मग म्हणाले, "शिकलीस कधी?"

"शिवणाच्या क्लासला जात होते ना, तेव्हा."

"तरीच नातवाचं एक झबलं काही शिवून झालं नाही." आणि पान्हा उचलून ते उठले. "रविवारी पुढे तूच बस. मी मागे बसतो, नट बघायला."

इथे मला रडू कोसळलं. (हातातलं चाक वेल्डरच्या पायावर पडलं. पाय उजवा होता, आणि नुसता सुजला.)

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्यानं मला थांबवलं. "मास्तरांच्या बाई विमान चालवतात म्हणे. आणि तुम्ही मागे बसून भोकाड पसरलंत म्हणून ते आदळलं, खरं का?"

यातलं बरंचसं खोटं आहे, मी ठासून सांगितलं. मी विमानात नव्हतोच.

"मग रडलात कुठे?" त्यानं विचारलं.