प्रस्थान ठेवलेली बॅग

सासरच्या ग्रुपवर दंडपाणीचा कोडैकानलचा नवा फोटो आला आणि अरुणगिरीला समोरची इडली कडू लागली. दंडपाणी म्हणजे त्याचा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ईरोडमध्येच, चार गल्ल्या पलीकडे राहणारा. बारा वर्षं झाली, हा माणूस दर सुट्टीला डोंगरावर जातो, धुक्यात दात काढून उभा राहतो आणि फोटो पाठवतो. खाली सासरे लिहितात, "शाब्बास दंडपाणी!" अरुणगिरीने मागे मंडईतल्या हळदीच्या ढिगाजवळ उभं राहून फोटो पाठवला होता, तेव्हा सासऱ्यांनी हळदीचा भाव विचारला होता.

"जळू नका हो," त्याची बायको तेन्मोळी चटणी वाढत म्हणाली.

"मी? मी कशाला जळू? आमच्या गोदामात धूळ उडाली की अस्संच धुकं पडतं."

जळत होता. पार कोळसा झाला होता माणसाचा.

त्याच दिवशी त्याने बेत ठरवला. रविवार-सोमवार, कोटगिरी. धावपळ नाही, बघायच्या जागांची यादी नाही. चहाच्या मळ्यातल्या जुन्या बंगल्यात एक खोली, व्हरांड्यात दोन खुर्च्या, हातात चहा आणि मग एक फोटो. सगळा खटाटोप त्या एका फोटोसाठी होता. पैसे भरून झाले आणि चिठ्ठीही आली. बंगल्याचा म्हातारा राखणदार फोनबिन वापरत नसे. चिठ्ठी आणेल त्याला खोली, असा त्याचा कारभार.

"बहिणीला बोललीस तर बघ," अरुणगिरीने बजावलं. "दंडपाणीला कळलं, तर तो आपल्या आधी पोचेल आणि आपलं स्वागत करतानाचा फोटो टाकेल."

सगळं जमलं होतं, पण आईला पंचांग बघायची खोड होती.

"रविवारी पश्चिमेला निघतोयस?" वडिवम्मा कडाडली. "शूल आहे त्या दिशेला! माझ्या मामाने ऐकलं नाही, अविनाशी गावापर्यंतही पोचला नाही."

"आई, आता चौपदरी रस्ता झालाय."

"शूल चौपदरीवरही उभा राहतो. आदल्या दिवशी प्रस्थान ठेव. पश्चिमेच्या घरात सामान नेऊन ठेवायचं, म्हणजे प्रवास शनिवारीच सुरू झाला. आणि रिकामी पिशवी नको हं, खरं सामान. शूलाला फसवता येत नाही."

आता पश्चिमेला ओळखीचं कोण? बरीच डोकेफोड झाली. पश्चिमेला एक न्हाव्याचं दुकान होतं, एक बंद पडलेली तांदळाची गिरणी होती आणि दंडपाणीचं घर होतं.

शनिवारी संध्याकाळी अरुणगिरी बॅग घेऊन साडूच्या दारात उभा राहिला. बॅगेत त्याचा नवा निळा स्वेटर, बायकोची शाल, चिंचेच्या भाताचा डबा, मुरुक्कूच्या चकल्या आणि वर ती खोलीची चिठ्ठी.

"काय रे, काय आहे यात?" दंडपाणीने विचारलं.

"काही नाही अण्णा. उद्या सकाळपर्यंत राहू दे इथे. उघडू मात्र नका."

"आणि उद्या सकाळी?"

"उद्या सकाळी कळेलच की!" अरुणगिरी घाईघाईने म्हणाला आणि आणखी काही विचारायच्या आत त्याने पाय काढता घेतला. दंडपाणी आणि त्याची बायको कयल यांनी एकमेकांकडे कसं पाहिलं, ते बघायला तो थांबलाच नाही.

रविवारी सकाळी सहाला आपल्या जुन्या लाल गाडीतून दोघं बॅग घ्यायला गेली, तर दाराला कुलूप. पांढरी गाडी गायब. फोन लावला तर लागेना. साडेनऊला दंडपाणीचाच फोन आला, आणि दंडपाणी चक्क रडत होता.

"अरुणगिरी, माझ्या सख्ख्या भावांच्या लक्षात नाही रे, की आज आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली! तू म्हणालास ना, उद्या सकाळपर्यंत उघडू नका, तेव्हाच कयल म्हणाली, काहीतरी आहे. स्वेटर! शाल! दोघांची खोली! अरे, चिंचेचा भातसुद्धा! असं कोण करतं कोणासाठी?"

अरुणगिरीने कपाळावर हात मारून घेतला.

"आज खरं सांगतो," दंडपाणी हुंदका गिळत म्हणाला. "ते कोडैचे फोटो मी तुला जळवायला टाकायचो. प्रत्येक वळणावर मला ओकारी येते रे. लिंबू हुंगत जातो, लिंबू हुंगत येतो. फोटोपुरता हसतो. माफ कर मला."

फोन ठेवला आणि लगेच ग्रुपवर फोटो आला. चहाच्या मळ्यातला व्हरांडा, दोन खुर्च्या, आणि अरुणगिरीच्या निळ्या स्वेटरमध्ये कोंबून बसवलेला दंडपाणी, पोटावरचं एक बटण उडालेलं. खाली अरुणगिरीच्या मोठेपणावर लांबलचक मजकूर. सासऱ्यांनी लिहिलं, "अरुणगिरीचं मन मोठं. फोटो मात्र दंडपाणीनेच काढावा!"

"बघ," वडिवम्मा समाधानाने म्हणाली, "बॅग सुखरूप पोचली. शूलाचं काही चाललं नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच अरुणगिरी एका बॅगेवर जळला.

महिनाभर त्याने मोठेपणा मिरवला, कारण दुसरं मिरवायला काही नव्हतं. मग एका शुक्रवारी संध्याकाळी दंडपाणी दारात आला. हातात भलीमोठी बॅग.

"ही उद्या सकाळपर्यंत राहू दे," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "उघडू नकोस हं."

तो गेला आणि अरुणगिरीने टाळीच वाजवली. "परतफेड! फिट्टंफाट! साडू असावा तर असा!"

शनिवारी पहाटेच त्याने बॅग उघडली. हिरवा स्वेटर, रेशमी साडी, लिंबूभात, सुटी लिंबं, आणि कोल्ली डोंगरावरच्या खोलीची चिठ्ठी. त्याने स्वेटर चढवला. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या.

"अहो, यात तुमच्यासारखे दोन मावतील," तेन्मोळी म्हणाली.

"माझा त्याला घट्ट झाला, तेव्हा त्याने काही कुरकुर केली? प्रेमाने दिलेल्या वस्तूचं माप काढू नये."

तो लाल गाडी सुरू करतोय, तोच समोर पांढरी गाडी येऊन उभी राहिली.

"बॅग न्यायला आलो," दंडपाणी खिडकीतून म्हणाला. "परवा देवळात तुझी आई भेटली. म्हणाली, शनिवारी पूर्वेला शूल आहे, आदल्या दिवशी पूर्वेच्या घरात प्रस्थान ठेव. म्हणून तुझ्याकडे..."

मग त्याला अंगावरचा स्वेटर दिसला. मग त्याने मान वळवून आपल्या घराच्या दिशेला, पश्चिमेला पाहिलं. मग बोटं मोजली.

"अरुणगिरी," तो हळूच म्हणाला, "तू आलास तो शनिवार होता. आणि कोटगिरी पश्चिमेला आहे."

अरुणगिरी स्वेटरच्या बाह्या गुंडाळू लागला.

"आणि मी रडलो रे तुझ्यापुढे!"

"कोणाला बोललो का मी, अण्णा? तुम्हीही बोलू नका."

मागच्या सीटवर कयल तोंडाला पदर लावून हसत होती.

"बसा गाडीत दोघं," शेवटी दंडपाणी गुरगुरला. "तुला इथे सोडून गेलो, तर तू अर्ध्या तासात सासऱ्यांना माझ्या लिंबांचं सगळं सांगशील."

ज्या माणसाला टाळायला अरुणगिरीने एवढा उपद्व्याप केला होता, त्याच्याच शेजारी बसून तो डोंगराकडे निघाला. कोल्लीच्या घाटात सत्तर वळणं. अकराव्याला दंडपाणी गप्प झाला. एकोणिसाव्याला त्याने लिंबू मागितलं. चोविसाव्याला गाडी थांबवून तो खाली उतरला, कठडा धरला आणि वाकला. मागे दरीतून पांढरंशुभ्र धुकं वर येत होतं.

अरुणगिरीने खिशातून फोन काढला.

"नको रे," दंडपाणी कण्हला, "तुझ्या पाया पडतो."

"हसा अण्णा, फोटोपुरतं."

दोन मिनिटांत ग्रुपवर सासऱ्यांचं उत्तर आलं. "शाब्बास अरुणगिरी! फोटो काढावा तर असा."