दंतवैद्यांच्या तिसऱ्या मोटरीची हकीकत

लाल तार लालेस मिळो आणि काळी तार काळीस मिळो, ऐसे मागणे प्रथम मागून लिहिण्यास आरंभ केला. रिमोटवर धावणाऱ्या मोटारींच्या स्वाऱ्या आजवर बहुत जाहल्या, त्यांत कित्येक उलटल्या, कित्येक जळाल्या, आणि कित्येक गटारात गेल्या त्या पुन्हा दृष्टीस पडल्या नाहीत. परंतु दातांचे डॉक्टर यांनी गोदामामागील मैदानी जी मोहीम केली तिजविषयी शेजारीपाजारी भलतेच सांगत फिरतात, सबब खरे वर्तमान काय ते येथे नमूद केले आहे.

दर रविवारी सकाळी त्या मैदानी पाच मोटारी उभ्या राहत आणि दहा फेऱ्यांची लढाई होई. डॉक्टरांचा मुख्य गनीम म्हणजे त्यांचे साडू, चष्म्याचे दुकानदार. घरात पंगतीस मांडीला मांडी लावून बसणार आणि मैदानात एकमेकांचे तोंड न पाहणार, ऐसा उभयतांचा स्नेह होता.

आता मोटारीच्या पोटात चाके फिरविणारी विजेची मोटर असते, आणि त्या मोटरीच्या पाठीवर एक आकडा कोरलेला असतो. एका व्होल्टामागे ती मिनिटास किती गिरक्या घेईल, याची ती सनद. डॉक्टरांची उमर दात कोरण्यात गेली, आणि त्यांचे कोरण्याचे यंत्र मिनिटास तीन लाख गिरक्या घेते, म्हणून जितका आकडा थोर तितकी मोटर मातबर, हा त्यांचा पक्का ग्रह. मग त्यांनी पाच हजारांची मोटर आणविली, आणि तीस तीन सेलांची अकरा व्होल्टांची बॅटरी जोडिली, आणि मोटारीस जाडजूड चाके चढविली, आणि पंचावन्न हजार गिरक्या होणार ऐसे सासुरवाडीस आगाऊ कळविले. पहिल्याच फेरीत धूर निघाला. मग पुढील रविवारी बॅटरी दोन सेलांची, सात व्होल्टांची केली, मोटर मात्र त्याच वाणाची ठेविली, आणि ती तिसऱ्या फेरीत गेली. त्या वासाने मैदानातील कुत्रीदेखील शिंकली.

मोटरी गेल्या त्याचे दुःख नव्हते. दुःख हे की डॉक्टरांची अकरा वर्षांची लेक, जिला घरात छोटी सरकार म्हणत, ती बापाच्या गोटातून उठून साडूंच्या गोटात जाऊन बसली आणि त्यांच्या फेऱ्या मोजू लागली. कारण पुसता उत्तर आले ते शब्दशः येणेप्रमाणे: “बाबा, काकांची गाडी निदान शेवटपर्यंत पोचते. तुमची बघायला आलं की माझे डोळे चुरचुरतात.” हे ऐकून डॉक्टरांच्या काळजात कळ उठली. दुसऱ्या दिवशी रोग्यास ‘आ करा’ म्हणायचे विसरून ते स्वतःच आ करून बसले, ऐसे दवाखान्यातील मदतनीस बाई सांगतात.

मग मसलतीस डॉक्टरांच्या वडील भगिनी आल्या. ताईसाहेब लिफ्टदुरुस्तीच्या कामात बावीस वर्षे मुरलेल्या, कमरेस पाने आणि टेस्टर, आणि बोलणे रोखठोक. त्यांनी जळकी मोटर हुंगली आणि बाजूस ठेविली. “अरे, दात कोरायला वेग लागतो, ओझं ओढायला जोर लागतो. माझी लिफ्ट दहा माणसं घेऊन वर जाते, ती काय भिंगरीसारखी जाते?” मग हुकूम सुटला जे, मोटर चोवीसशेची घ्यावी आणि बॅटरी पुन्हा तीन सेलांची जोडावी, व्होल्ट चढते असले की त्याच कामास वीज कमी ओढावी लागते, आणि ओढ कमी तर ताप कमी. आणि दर चाचणीनंतर मोटरीवर बोट ठेवून दहा अंक मोजावे. बोट आधीच उचलावे लागले तर मोटरीवरचे दातेरी चाक लहान करावे, म्हणजे तिजवरील ओझे हलके होते.

गिरक्या अवघ्या सव्वीस हजार भरणार हे ऐकून डॉक्टरांचे तोंड उतरले. अर्धे राज्य बसल्या जागी लिहून दिल्यासारखे त्यांस वाटले.

“ताई, लोक हसतील गं.”

“मग आत्ता काय रडतायत का?”

मग गुरुवारी चाचणी घेतली, बोट सहा अंक टिकले. चाक लहान केले, शुक्रवारी आठ टिकले. आणखी लहान केले, आणि शनिवारी दहा भरले, तेव्हा डॉक्टरांनी ते बोट घरभर सर्वांस दाखविले.

रविवारी फौजा उभ्या राहिल्या. साडूंनी चष्मा कपाळावर चढवून मोटर निरखिली आणि ते म्हणाले, “डॉक्टर, गाडी आणलीत की रोडरोलर?” छोटी सरकार त्यांच्याच बाजूस बसलेली, तीही हसली. डॉक्टरांनी तो घाव मुकाट्याने सोसला. झेंडी पडली आणि पहिल्या तीन फेऱ्यांत डॉक्टर सर्वांमागे. मग चौथ्या फेरीत एकाचे चाक निखळले, सहाव्यात दुसरा उलटला, सातव्यात तिसऱ्याची मोटर धुरात गेली, आणि डॉक्टरांची मोटार जशी निघाली तशीच, ना घाई ना थकवा, चालतच राहिली. आठव्या फेरीस छोटी सरकार साडूंच्या फेऱ्या एका हातावर आणि बापाच्या दुसऱ्या हातावर मोजीत होती. ते डॉक्टरांनी तिरक्या नजरेने पाहिले आणि वळणावर त्यांची मोटार थोडी भरकटली, पण सावरली.

साडू अर्ध्या फेरीने जिंकले. हे लपविण्यात अर्थ नाही.

मग छोटी सरकार आपल्या पायांनी बापाच्या मोटारीपाशी आली, खाली बसली आणि मोटरीवर बोट ठेविले. एक, दोन, तीन... दहा झाले. वीस झाले. “बाबा, ही तर नुसती कोमट आहे!” मग तिने जाऊन साडूंच्या मोटरीवर तेच बोट ठेविले, आणि तीन म्हणताच “आई गं!” करून तोंडात घातले. मग फुंकर घालीत निवाडा दिला: “काका, तुमची पुढच्या रविवारी जाणार. मी बाबांकडे बसते.”

डॉक्टरांनी आपल्या शेजारची जागा रुमालाने झाडली, आणि सोबत आलेल्या ताईसाहेब उगाच कमरेचे पाने मोजू लागल्या. साडूंनी चषक काखेत मारला आणि हळूच पुसले, ती चोवीसशेची कुठे मिळते?

येणेप्रमाणे चषक साडूंचा आणि फत्ते डॉक्टरांची. घरी पोहोचेतो मोटार छोटी सरकारच्या कडेवर होती आणि बोट मोटरीवरच होते. मोटर केव्हाच गार पडली होती. नोंद पक्की केली असे.