झाडे सरांचा खिशातला हात

झाडे सरांना किती वाजले ते विचारू नये. हातात घड्याळ असूनही ते विचारतात, "तुले किती वाटते?" अंदाजानं अकरा सांगितले, की लगेच, "काऊन?" आता अकरा का वाटतात याचं कारण माणसानं काय द्यावं? पण दिल्याशिवाय सुटका नाही. मी एकदा भूक लागली असं कारण दिलं, तर खूश होऊन म्हणाले, "हे चांगलं आहे. पोटाचं घड्याळ!" वेळ मात्र सांगितली नाहीच.

आर्वी तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवतो, ते विज्ञान. एका संस्थेनं शाळेला टच बोर्ड आणि पोरांच्या हाती द्यायला छोटे रिमोट दिले, तेही वर्षभराच्या बोलीवर. प्रश्न बोर्डावर येतो, पोरं बटण दाबतात आणि कोणत्या उत्तराला किती मतं पडली त्याच्या रंगीत पट्ट्या दिसतात. बरोबर उत्तराला बोर्ड स्वतः टाळ्या वाजवतो. सरांनी पहिल्याच दिवशी त्या टाळ्यांचा गळा दाबला. "याले काय घाई आहे बे? पोट्टे अजून इचार करून राह्यले!"

दुसऱ्याचं पाहून कोणी दाबू नये म्हणून मतदान चालू असताना त्या महागड्या बोर्डावर सर आपला उन्हाळी दुपट्टा टाकत. मग स्वतः एक कोपरा उचलून आत डोकावत, दुसरा हात पँटच्या खिशात. घटकाभरानं दुपट्टा बाजूला होई आणि पोरांची जुंपे. खिशात हात घालून शिकवणं आमच्या हेडमास्तरांना अजिबात खपत नसे. मला दुसरंच नवल वाटे. सरांच्या बोर्डावर एकुलत्या एका मताची पट्टी मी कधीच पाहिली नाही. एक तर शून्य, नाहीतर दोन किंवा त्याहून जास्त.

वर्ष संपत आलं, तसे संस्थेचे साहेब पाहणीला येणार असं कळलं. काम पटलं तर रिमोट राहणार, नाहीतर दुसऱ्या शाळेत जाणार. सरांचं जेवणावरचं मन उडालं. हेडमास्तरांनी मात्र सोपा उपाय काढला. सरांच्या नकळत त्यांनी प्रश्न आधीच पाहून घेतला आणि वर्गाला सांगून ठेवलं, "काही झालं तरी तीन नंबर दाबा."

साहेब आले, तेव्हा हेडमास्तर आणि मीही वर्गात मागे उभे होतो. प्रश्न आला. एक किलो लोखंड आणि एक किलो कापूस, जड काय? एक, लोखंड. दोन, कापूस. तीन, दोन्ही सारखेच. दुपट्टा पडला, सर डोकावले, खिशातला हात हलला, दुपट्टा निघाला. जवळजवळ सगळा वर्ग तीनवर. लोखंडाला दोन मतं. हेडमास्तरांचा चेहरा पाहवत नव्हता.

"हे दोघं कोण?" साहेबांनी विचारलं. सरांनी खिशातून रिमोट काढला. "एक मी."

पोरांनी ही संधी बरी सोडली असती! सगळ्यांनी एका सुरात विचारलं, "काऊन?"

"मले नाई सांगता येत," सर म्हणाले. "माह्यासंगं जो कोनी आहे, त्यानं सांगा."

पुढच्या बाकावरची समीक्षा उठली. "सर, सकाळी कापूस दवानं वल्ला असते. तवा किलोभर मोजला, तर दुपारी उनात वाळून हलका होते. लोखंड नाई होत. कवा मोजला, ते प्रश्नात लिवलंच नाई."

"मंग दुपारी तो किलो कुठं राह्यला?" मागून कोणी तरी ओरडलं, आणि वर्ग पेटला. सरांनी फेरमतदान जाहीर केलं. साहेबांनी एक रिमोट मागून घेतला आणि ते बटणावर अंगठा ठेवून बराच वेळ विचार करत बसले. "पण बरोबर उत्तर कोणतं?" असं हेडमास्तर विचारत होते, त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

रिमोट राहिले. संध्याकाळी मी सरांना गाठलं. "म्हणजे वर्षभर तुम्ही एकट्या मताला जोड देत होता?"

"चौथीत मी एकलाच हात वर करून होतो गा," ते म्हणाले. "सारे हासले. गुरुजीनं काऊन म्हून इचारलंच नाई. त्यानंतर मॅट्रिकपर्यंत म्या हात वर केला नाई."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी शिक्षकांच्या खोलीत आनंदाचा चहा मागवला. "बिनसाखरेचा कोणाला?" सेवाग्रामच्या डॉक्टरांनी नुकतीच माझी साखर बंद केली होती. मी कसाबसा हात वर केला. सगळे माझ्याकडे वळून हसले. वय झालं म्हणाले, अजून काय काय म्हणाले.

तेवढ्यात शेजारी एक हात वर आला. झाडे सरांचा. कपात तीन चमचे साखर लागणारा माणूस!

"काऊन?" मी विचारलं.

"चहा पी," म्हणाले. पहिल्या घोटाला त्यांचं तोंड पार वाकडं झालं, पण कप त्यांनी तळापर्यंत संपवला.