गणपती सोडून दुसरी ओळ

हेमकांतला फक्त झोप हवी होती हो, बाकी काही नको! पण बहीण दामिनीची हळद उद्यावर आलेली आणि हा सकाळपासून पुरुषोत्तमनगरात, भिकनच्या झेरॉक्सच्या दुकानात स्टुलावर. लग्नात कोणी काय करायचं, त्याचा तक्ता त्यानंच एक्सेलमध्ये केलेला. स्क्रीनवर काय देखणा! प्रिंट काढली, तर नावं एका पानावर आणि मोबाईल नंबर भलत्याच पानावर.

"पान आडवं कर ना, भो."

भिकननं सेटिंगला हातच लावला नाही. ट्रेमधले कागद उचलले आणि आडवे कोंबले! प्रिंटर खोकला, कागद चावला, अडकला. तो उपसून काढला, मग सगळं एकाच पानात बसवलं. वडिलांनी, म्हणजे तिथंच ठाण मांडून बसलेल्या आप्पांनी, ते पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं.

"हाई यादी शे का खसखस? आनि वर गणपती कोठे शे?"

वर 'श्री गणेशाय नमः' घातलं, अक्षरं मोठी केली. आता एकेका कामाचं वेगळं पान झालं: फेटे, पाणी, वाढप, पार्किंग. पण 'नाव, गाव, मोबाईल' हा मथळा पहिल्याच पानावर!

आप्पांचं टुमणं वेगळंच. "काहीबी कर, पन ईश्वर फुवास्नं नाव पहिलं पाहिजे."

फुवा म्हणजे आप्पांच्या बहिणीचे यजमान. मागच्या लग्नात पत्रिकेत त्यांचं नाव खाली गेलं, तर न जेवता गाडीत जाऊन बसले आणि फुईला, म्हणजे आत्यालाही, घेऊन गेले. उद्या फुईच नसली तर दामिनीला पहिली हळद लावणार कोण? म्हणून मथळ्याच्या लगेच खाली फुवा. काम काही नाही, नुसता मान.

"गणपती सोडीसन दुसरी ओळ समदा पानवर ले," हेमकांत जांभई देत म्हणाला. त्याला म्हणायचा होता मथळा, गणपतीखालची ओळ. भिकननं भक्तिभावानं गणपती मोजलाच नाही. मग पहिली ओळ मथळा, आणि दुसरी? फुवा!

पहिलं पान झकास दिसलं. हेमकांतनं तेवढंच पाहिलं, घरी येऊन मांडवात सगळी पानं चिकटवली आणि खुर्चीत कोसळला.

डोळा लागतो न लागतो, तोच आप्पा ओरडले, "अरे, हाई काय करी ठेवं! घरना जवाईले पानी वाटाले लायं?"

फेट्यांच्या पानावर, वर ईश्वर फुवा. पाणी, वर ईश्वर फुवा. पार्किंग, वर ईश्वर फुवा! पानं फाडायला आप्पांनी हात पुढे केला, तर फुवांची गाडी दारात.

फुवा एकेका पानासमोर थांबले. चष्मा पुसला, परत पहिल्यापासून वाचलं. आप्पांनी तर डोळेच मिटून घेतले.

"इतला लगीन दखात मी," फुवा गाडीतल्या फुईकडे वळून म्हणाले, "पन मान कसा देवाना, ते या पोरले समजनं! ओ, बॅगा उतार! लगीन आटपस तवलोंग आठेच ऱ्हासूत."

हेमकांतनं सुटकेचा श्वास टाकून पाय पसरले. पाहतो तर समोर थोरले मामा, मागं धाकटे काका, त्यांच्या मागं मावशीचे यजमान. तोंडं सगळ्यांची लांब.

"आम्ही काय खुर्च्या उचलाले येल शेतस का?" मामा म्हणाले. "आमनं नाव एकच पानवर काबर?"

हेमकांत उठला. चप्पल घातली. भिकन दुकानाचं शटर ओढतच होता, ते त्यानं अर्ध्यात धरलं.

"सगळास्नं नाव सगळास्ना वर पाहिजे."

भिकननं कॉम्प्युटर चालू केला, माऊस धरला आणि मान वर केली.

"मंग भो, खाले काय छापू?"