काकूच्या बाजरीचं विमानशास्त्र

विमान का उडतं, हे मी कुणालाही दोन मिनिटांत पटवून देईन! निदान नगरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला 'विमानशास्त्राची ओळख' हा विषय घेतला, तेव्हा माझा तसाच समज होता. म्हणून तर मी भर वर्गात छाती ठोकून सांगितलं, "सर, विमानाच्या पंखावरून वारा कसा वाहतो, ते मी डोळ्यांना दाखवते!"

"दिसला तर पास," सर म्हणाले. "नाही दिसला तर विषय राहिला!"

थर्माकोलचा पंख मी बनवला. पण वारा कुठून आणायचा? कॉलेजातलं वाऱ्याचं यंत्र बंद पडलेलं. मग पाथर्डीला कडूबाई काकूला फोन लावला. मला इथं शिकायला धाडायचं म्हणून सगळ्या घराशी भांडली ती हीच काकू!

"काकू, भुसा उडवायचा तो उफणणीचा पंखा पाठव. सरांना दाखवायचाय."

"त्यात काय! मीच घिऊन येते की!"

आली. जीपच्या टपावर पंखा आणि पायाशी बाजरीचं पोतं!

"बाजरी कशाला गं?"

"मंग रिकामा पंखा दाखवायचा व्हय? मास्तर काय म्हनंल?"

मी हात जोडून तिला मागच्या बाकावर बसवलं. पंख्यासमोर थर्माकोलचा पंख उभा केला आणि मध्ये उदबत्त्या लावल्या, धुरानं वारा दिसावा म्हणून. बटण दाबलं. धूर गायब, उदबत्त्याही विझल्या! पंखामागे बसलेल्या सरांनी पेन उघडलं. "धनश्री, काहीच दिसत नाही." माझे डोळे भरून आले.

"दिसत न्हाई म्हंजी?" मागून आवाज आला. काकू बाजरीनं भरलेली पाटी घेऊन पंख्याजवळच्या स्टुलावर चढली होती. "बघा आता, मास्तर!"

बाजरी खाली, भुसा थेट पंखावर आणि तिथून सरांवर! केसांत, चष्म्यावर, कॉलरमध्ये भुसाच भुसा! सगळा वर्ग खोकायला लागला.

"काकू, बंद कर!" मी किंचाळले. सर ताडकन उठले. गेलं माझं वर्ष!

"बंद करू नका!" सर ओरडले. "धनश्री, पंख जरा तिरका धर!"

मी धरला. भुसा पंखाच्या पाठीला चिकटून अलगद खाली उतरला. आणखी तिरका केला, तसा तो पाठ सोडून मागे गरगरायला लागला. फार तिरकं झालेलं विमान पडतं कसं, हे पुस्तकात वाचून वाचून मला समजलं नव्हतं. ते समोर दिसत होतं!

"पास!" सर शिंकत म्हणाले. "कल्पना कुणाची?"

"काकूची!"

"छ्या! मी आपली बाजरी उफनली. डोकं तिचं!"

मी तिथल्या तिथं तिला मिठी मारली. अशी काकू पाठीशी आहे म्हणूनच माझ्यासारखीचं निभतं, हे मी कुणालाही सांगेन.

सरांनीही हात जोडले. "मावशी, सोमवारी दुसऱ्या वर्गाला दाखवाल?"

"येते की!"

सोमवारी वॉचमननं मला गेटवर बोलावलं. बाहेर टेम्पो उभा. पुढे काकू, मागे पाथर्डीतल्या आमच्या आळीतल्या बाया, आपापली पोती धरून! शेजारची रतनबाई टेम्पोतूनच वाकून म्हणाली,

"धने, बाजरी हितंच उफनायची न्हवं? आन् भुसा अंगावर घेनारं ते मास्तर कुठं हाय?"