वेल्सच्या किनाऱ्याची रंगीत तालीम

हर्नडन, व्हर्जिनिया येथील श्री. संग्राम घोरपडे यांच्या कुटुंबाने येत्या जुलैमध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर सुट्टीला जावे, असा ठराव रविवारी जेवणाच्या टेबलावर एकमताने मंजूर झाला. अनुमोदन पत्नी राधिकाने दिले. मुलगी अनिका हिने फोनमधून डोके वर काढले, आणि ही बाब उत्साहाची खूण म्हणून नोंदवण्यात आली.

ठराव साधा नव्हता. ग्रीन कार्ड नुकतंच मार्चमध्ये हातात पडलं होतं. तोवर देशाबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे परतीच्या व्हिसाच्या शिक्क्याची धास्ती, म्हणून अनिकाचं अख्खं बालपण 'कार्ड आलं की जाऊ' या एका वाक्यावर निघालं होतं. दुसरीत असताना तिने फ्रीजवर पफिनचं चित्र लावलं होतं. नारिंगी चोच, पांढरं पोट आणि चेहऱ्यावर कायमची काळजी. "ही लुक्स लाइक बाबा," असं ती तेव्हा म्हणाली होती. हे पक्षी वेल्सच्या एका बेटावर उन्हाळा काढतात आणि जुलै संपता संपता समुद्रावर निघून जातात. अनिका ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार होती.

"बाबा, लेट्स जस्ट गो," ती म्हणाली.

"असं कसं जस्ट गो?" संग्राम दचकला. त्याच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात टेस्टिंग झाल्याशिवाय साधं बटणसुद्धा लाइव्ह जात नसे. इथे तर सख्खी बायको आणि पोटची पोर लाइव्ह जाणार होती.

मग दर संध्याकाळी बैठका सुरू झाल्या. किनाऱ्याच्या पायवाटेने चालणं, खडकांतल्या डबक्यांत खेकडे बघणं, किल्ला, धक्क्यावर बसून चिप्स, बोटीने पफिन: प्रत्येक मजेला एक जबाबदार व्यक्ती नेमली गेली. अनिकाने 'वाळूत नुसतं बसणं' सुचवलं.

"नुसतं बसणं यशस्वी झालं, हे कसं ओळखायचं?" संग्रामने विचारलं. निकष ठरेपर्यंत विषय तहकूब झाला.

जुलैच्या सुरुवातीला संग्रामने रजा काढून ड्राय रन, म्हणजे घरच्या घरी रंगीत तालीम, जाहीर केला. राधिका म्हणाली, "अरे, तिकिटं आधी बुक करूया का?"

"ड्राय रन पास झाल्याशिवाय तिकिटं? यार राधिका, तू स्वतः क्वालिटीमध्ये आहेस!"

राधिका वरमली. खरोखरच ती क्वालिटीमध्ये होती.

वेल्सला पाऊस फार, म्हणून मागच्या अंगणात नळाचा पाइप सोडण्यात आला. वाऱ्यासाठी पालापाचोळा उडवायचं मशीन. त्यात रेनकोट घालून तिघं कुंपणाच्या कडेने चालत. वसाहतीच्या नियमानुसार अंगणात पाणी एक दिवसाआडच सोडता येई, म्हणून वेल्समध्येही पाऊस एक दिवसाआड पडेल असं गृहीत धरलं. चिप्सवर व्हिनेगर शिंपडून पाहिलं, तेव्हा 'चाट मसाला सोबत नेणे' हा राधिकाचा शेरा मान्य झाला. डाव्या बाजूने गाडी चालवण्याचा सराव शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये झाला. तिथे समोरून येणारी वाहतूक म्हणून शेजारच्या राजाराम काकांना त्यांच्या गाडीसह उभं केलं. काका हृदयाचे निवृत्त डॉक्टर होते, त्यामुळे वाहतूक आणि तातडीची वैद्यकीय मदत, अशा दोन्ही अर्थांनी ते सोयीचे पडले.

"अरे संग्राम, आम्हीही गेलो होतो ना वेल्सला," काका काच खाली करून म्हणाले. "पाऊस आला, भिजलो, परत आलो. यात प्रॅक्टिस कसली?"

"काका, तुमच्या वेळी प्रोसेस नव्हती," संग्राम आदराने म्हणाला.

राहता राहिला पफिन. त्याला समकक्ष पक्षी म्हणून जवळच्या तळ्यावरचे गूझ, म्हणजे जंगली हंस, निवडण्यात आले. भाड्याची बोट संथपणे त्यांच्याजवळ नेली असता एका गूझने संग्रामचा काठापर्यंत आणि तिथून गाडीपर्यंत पाठलाग केला. अनिका इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पोरगी अशी हसलेली कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती, हे संग्रामच्या लक्षातही आलं. पण त्याने नोंद केली ती 'गंभीर दोष, फेरचाचणी आवश्यक' एवढीच. फेरचाचणीसाठी रजा वाढवली.

अखेर सगळं पास झालं. संग्रामने उत्साहाने प्रत्यक्ष प्रवासाच्या रजेसाठी ऑफिसचं पोर्टल उघडलं. शिल्लक शून्य होती.

"रजा कशाला काढली होतीस?" राधिकाने शांतपणे विचारलं.

"वेल्ससाठी."

"आणि गेलो कुठे?"

"मागच्या अंगणात," संग्राम म्हणाला. इतकी वर्षं आपल्याला सरकारने अडवलं, असं तो सगळ्यांना सांगत आला होता. सरकारने आडवा हात काढून घेतला, तर ते अडवणुकीचं खातं त्याने घरच्या घरी सुरू केलं होतं, आणि कामकाजही चोख चालवलं होतं.

ऑगस्टमध्ये अनिकाचं सामान गाडीत भरलं. फ्रीजवरचं चित्र संग्रामने तिच्यासाठी जपून काढलं, तर कॉलेजच्या दारात ते तिने परत त्याच्या हातात ठेवलं. "यू कीप इट, बाबा. तो तुझ्यासारखाच दिसतो." तिने त्याला घट्ट मिठी मारली आणि वळून गेली. तो तिथेच उभा राहिला, नारिंगी चोचीच्या त्या काळजीवाहू प्राण्याकडे बघत.

घरी आल्यावर त्याने वेल्सचा तो तपासून घेतलेला प्लॅन महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला. 'अतिशय उपयुक्त', 'सेव्ह केला', 'पुढच्या समरला नक्की' अशी उत्तरं धडाधड आली. अजून कोणी गेल्याचं ऐकिवात नाही.

तुम्ही हसलात, बरं केलंत. आता फोन हातात आहेच, तर 'एकदा जायचंय' म्हणून तुम्ही सेव्ह करून ठेवलेली ती जागा उघडा. आणि मग घरात एकवार नजर टाकून बघा, या ऑगस्टमध्ये कोण निघतंय.